आपल्या शरीरातल्या विषाणूंचा शोध इतका अवघड का?

कोरोनाच्या साथीत आरटी-पीसीआर हा शब्द घराघरांत पोहोचला. नाकात काडी घालायची, स्वॅब लॅबला पाठवायचा आणि मोबाइलवर येणाऱ्या निकालाची वाट पाहायची. 'निगेटिव्ह' आलं की अंगात विषाणू नाही असं समजून आपण सुटकेचा श्वास टाकायचो. त्या तपासणीने मात्र एवढंच सांगितलेलं असायचं की ज्या एका विषाणूची चौकशी केली, तो या नमुन्यात आढळला नाही. त्याच माणसाच्या नाकात, त्वचेवर, रक्तात आणि सगळ्यात जास्त आतड्यात त्या क्षणीही असंख्य दुसरे विषाणू होते. त्यांच्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

अलीकडे हे 'दुसरे' विषाणू बातम्यांत येऊ लागले आहेत. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने २०२४ मध्ये 'ह्यूमन व्हायरोम प्रोग्रॅम' सुरू केला. शरीरात राहणाऱ्या सगळ्या विषाणूंना मिळून व्हायरोम म्हणतात. निरोगी माणसाचा व्हायरोम कसा असतो, तो कुठे काय करतो, हे समजून घ्यायचा हा कार्यक्रम आहे आणि त्यातला एक स्वतंत्र भाग केवळ अभ्यासाची साधनं सुधारण्यासाठी राखून ठेवला आहे. मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. व्हायरोमबद्दल आज आपल्याला जे 'माहीत' आहे, त्यातलं बरंचसं आपण कोणती पद्धत वापरली यावर ठरलेलं आहे. पद्धत बदलली की चित्रही बदलतं.

अंगात विषाणू राहतात, मग आपण आजारी का नाही?

कारण त्यातल्या बहुतेकांना आपल्या पेशींशी काही देणंघेणंच नसतं. ते जिवाणूंवर जगतात. अशा विषाणूंना फाज म्हणतात. आतड्यात जिवाणू आहेत म्हणून त्यांच्यावर जगणारे फाजही आहेत. एक ग्रॅम विष्ठेत साधारण शंभर कोटी विषाणूकण असू शकतात आणि त्यांतले बहुसंख्य फाज असतात. काही फाज जिवाणूला फोडून बाहेर पडतात, काही त्याच्याच डीएनएमध्ये स्वतःचा डीएनए मिसळून पिढ्यानपिढ्या गप्प राहतात.

आपल्या पेशींत शिरणारे विषाणूही असतातच. एपस्टीन-बार नावाचा हर्पिस कुळातला विषाणू जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांमध्ये असतो. एकदा शरीरात आला की तो आयुष्यभर मुक्काम करतो, बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. त्याहून जुने पाहुणे तर आपल्या गुणसूत्रांतच आहेत. मानवी डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांच्या, म्हणजे आपला वारसा पेशीच्या डीएनएत घुसवणाऱ्या विषाणूंच्या, अवशेषांचा आहे. त्यातल्याच एका जनुकापासून सिन्सिटिन हे प्रथिन बनतं आणि गर्भाची वार नीट तयार व्हायला ते लागतं.

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या आतड्यात विषाणू जवळजवळ नसतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की महिनाभरातच ते ग्रॅममागे शंभर कोटींच्या घरात जातात. आधी येतात ते आतड्यात नव्याने वसलेल्या जिवाणूंच्या पोटात दडलेले फाज. चौथ्या महिन्यापर्यंत मानवी पेशींत वाढणारे विषाणूही दिसू लागतात आणि आईचं दूध पिणाऱ्या बाळांमध्ये ते कमी असतात.

जिवाणू मोजता आले, विषाणू का नाहीत?

आतड्यातल्या जिवाणूंबद्दल गेली वीस वर्षं आपण भरपूर वाचतो आहोत. तो अभ्यास एका सोयीमुळे वेगाने पुढे गेला. प्रत्येक जिवाणूत १६-एस नावाचं एक जनुक असतं. ते सगळ्यांत साधारण सारखं, पण जातीनुसार थोडं वेगळं. तेवढं एक जनुक वाचलं की कोणत्या जातीचे जिवाणू किती आहेत याचा अंदाज येतो.

विषाणूंमध्ये सगळ्यांना समान असं एकही जनुक नाही. काहींचा वारसा डीएनएत, काहींचा आरएनएत, कुणाचा एकेरी धाग्यात तर कुणाचा दुहेरी. रद्दीच्या दुकानात शेकडो वेगवेगळ्या वर्तमानपत्रांचे बारीक तुकडे करून एका पोत्यात भरले आहेत, अशी कल्पना करा. प्रत्येक तुकड्यावर जेमतेम एक-दोन ओळी. जिवाणूंच्या बाबतीत निदान वर्तमानपत्राचं नाव छापलेला तुकडा वेगळा काढता येतो. विषाणूंच्या वर्तमानपत्रांना नावच नाही. वर त्या पोत्यातले बहुतेक तुकडे भलत्याच जाडजूड ग्रंथांचे आहेत. माणसाच्या जनुकसंचात, म्हणजे सगळ्या जनुकीय मजकुरात, तीन अब्ज अक्षरं असतात, आतड्यातल्या जिवाणूच्या काही दशलक्ष, करोनाच्या विषाणूची जेमतेम तीस हजार आणि रक्तात सर्रास आढळणाऱ्या टॉर्क टेनो विषाणूची चार हजारांहूनही कमी.

पूर्वी यावर एकच उपाय होता, विषाणू प्रयोगशाळेत वाढवायचा. त्यासाठी त्याला योग्य पेशी द्यायला हव्यात, म्हणजे तो कोणत्या पेशीत वाढतो हे आधी ठाऊक हवं. आतड्यातले कितीतरी जिवाणू हवा लागताच मरतात, मग त्यांच्यावर जगणारे फाज वाढवायचे कुठे?

दुसरी वाट निघाली ती मेटाजीनोमिक्सची. नमुन्यात जे काही डीएनए-आरएनए आहे ते सगळं वाचायचं आणि संगणकावर तुकडे जुळवायचे. माणसाच्या विष्ठेतल्या विषाणूंवर हा प्रयोग अमेरिकेतल्या सॅन डिएगोमधून २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच व्यक्तीच्या नमुन्यात सुमारे १,२०० प्रकारचे विषाणू असावेत असा अंदाज निघाला आणि मिळालेल्या बहुतेक क्रमांचं (डीएनएतल्या अक्षरांच्या ओळींचं) तोवर नोंदलेल्या कोणत्याही जनुकाशी साम्य नव्हतं. या अनोळखी भागाला संशोधक 'व्हायरल डार्क मॅटर' म्हणतात. तो बराच कमी झाला आहे, पण संपलेला नाही.

गाळणीत अडकलेले, रसायनात विरघळलेले

आता नमुना घेण्यापासून निकालापर्यंत काय होतं ते बघू. इथेच सगळी मेख आहे.

विषाणू लहान असल्यामुळे नमुना बारीक गाळणीतून काढतात. साधारणपणे ०.२ किंवा ०.४५ मायक्रॉनची छिद्रं असलेली गाळणी वापरतात. जिवाणू आणि मानवी पेशी वर राहतात, विषाणू खाली उतरतात. पण काही विषाणू चांगले मोठे असतात आणि तेही वर अडकू शकतात. जे फाज जिवाणूच्या डीएनएत गप्प बसलेत, ते तर जिवाणूबरोबर वरच राहिले.

काही प्रयोगशाळा उरलेसुरले जिवाणू फोडायला क्लोरोफॉर्म वापरतात. ज्या विषाणूंभोवती चरबीचं वेष्टन असतं, ते यात नष्ट होतात. करोना आणि फ्लूचे विषाणू याच जातीचे. मग निष्कर्षात लिहिलं जातं की 'आतड्यात वेष्टन असलेले विषाणू फारसे आढळले नाहीत'. आढळणार कुठून?

पुढची पायरी डीएनए वाचण्याची. आरएनए विषाणू दिसायला हवे असतील तर आरएनएचं आधी डीएनएत रूपांतर करावं लागतं. ही जादा पायरी खर्चिक आहे आणि आरएनए नाजूक असतो, म्हणून अनेक अभ्यासांनी ती सरळ गाळली. त्या अभ्यासांत आरएनए विषाणूंची नोंदच नाही, आणि नोंद नसण्याचा अर्थ ते नव्हते असा होत नाही.

सगळ्यात फसवी पायरी मात्र वाढवण्याची. विषाणूंचा डीएनए इतका कमी मिळतो की यंत्रात घालण्यापूर्वी त्याच्या भरपूर प्रती काढाव्या लागतात. त्यासाठी फाय-२९ नावाच्या फाजकडून घेतलेलं एक विकर खूप वापरलं गेलं. ते छोट्या, वर्तुळाकार, एकेरी धाग्याच्या डीएनएवर गोल गोल फिरत राहतं आणि त्याच्या बेसुमार प्रती काढतं. मूळ नमुन्यात थोडे असलेले असे विषाणू निकालात सगळ्यांना झाकून टाकतात. टॉर्क टेनो असाच वर्तुळाकार एकेरी धाग्याचा. जुन्या अभ्यासांत अशा विषाणूंचा मोठा वाटा दिसतो. त्यातला खरा किती आणि विकराच्या आवडीमुळे किती, हे मागाहून सांगता येत नाही.

म्हणून आता पद्धत बदलते आहे. गाळलेला आणि न गाळलेला, असे एकाच नमुन्याचे दोन्ही भाग वाचायचे. डीएनएबरोबर आरएनएही वाचायचा. प्रती शक्य तितक्या कमी काढायच्या. आणि मला फार आवडणारी सुधारणा म्हणजे सुरुवातीलाच नमुन्यात एक ओळखीचा, माणसात न सापडणारा विषाणू मोजून टाकायचा. शेवटी त्यातला किती हाती लागला, यावरून बाकीच्यांचं किती नुकसान झालं असेल ते कळतं. प्रयोगशाळेने स्वतःच्या पद्धतीचीच परीक्षा घ्यावी, अशी ही सोय आहे.

वाचनाची यंत्रंही सुधारली. पूर्वी एका वेळी शे-दीडशे अक्षरांचे तुकडे मिळायचे. आता दीर्घवाचनाची यंत्रं एका दमात दहा-वीस हजार आणि त्याहून जास्त अक्षरं वाचतात. कित्येक फाजांचा अख्खा जनुकसंच एका वाचनात मिळतो आणि तुकडे जुळवताना होणाऱ्या चुका टळतात.

नसलेले विषाणू कुठून येतात?

असलेला विषाणू हरवणं ही एक अडचण. नसलेला सापडणं ही त्याहून घातक, कारण त्यावरून रुग्णांना भीती किंवा खोटी आशा लागते.

२०१३ मध्ये चीनमधल्या हिपॅटायटिसच्या रुग्णांच्या नमुन्यांत एक नवाच विषाणू सापडल्याचं जाहीर झालं. कारण न सापडलेल्या हिपॅटायटिसचं उत्तर मिळालं असं वाटलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी माग काढला, तेव्हा तो विषाणू रुग्णांमधून आलेलाच नव्हता. डीएनए वेगळा काढायच्या किटमध्ये सिलिकाच्या छोट्या नळ्या असतात, तो तिथून आला होता. बहुधा सिलिका ज्यापासून मिळते त्या सूक्ष्म शैवालांचा तो विषाणू असावा.

त्याआधी २००९ मध्ये एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या रुग्णांत सापडल्याचा दावा 'सायन्स' या नियतकालिकात आला. वर्षानुवर्षं न संपणाऱ्या थकव्याने खचलेल्या लोकांना आपल्या दुखण्याचं कारण मिळाल्यासारखं वाटलं. पुढे तो प्रयोगशाळेतल्या दूषित नमुन्यांचा परिणाम ठरला आणि २०११ मध्ये तो शोधनिबंध मागे घेण्यात आला. त्या रुग्णांच्या वाट्याला आलेली निराशा कोणत्याही आकड्यात मोजता येणारी नाही.

रक्तासारख्या नमुन्यात विषाणू मुळातच कमी, त्यामुळे बाहेरून मिसळलेला कणभर डीएनएही मोठा दिसतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८,२४० जणांच्या रक्तातला डीएनए तपासला. ९४ विषाणूंचे क्रम मिळाले, पण त्यातले फक्त १९ माणसात संसर्ग करणारे होते. म्हणून आता चांगल्या अभ्यासात रुग्णाच्या नमुन्यासोबत निव्वळ स्वच्छ पाण्याचा नमुनाही त्याच किटमधून, त्याच यंत्रातून नेतात. पाण्यात जे सापडतं ते रुग्णाच्या यादीतून वजा. ही साधी गोष्ट न केलेला कोणताही निकाल मी तरी गांभीर्याने घेत नाही.

विषाणू खरोखर नमुन्यात असूनही माणसाचा नसतो, असंही होतं. २००६ मध्ये विष्ठेतल्या आरएनए विषाणूंचा शोध घेताना सगळ्यात जास्त सापडला तो मिरचीवरचा विषाणू, पेपर माइल्ड मॉटल व्हायरस. मिरची आणि मिरचीच्या सॉसमधून तो पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो. नमुने सॅन डिएगो आणि सिंगापूरचे होते, पण आपल्या ताटाकडे पाहता इथलं चित्र वेगळं असण्याचं कारण नाही. हाच विषाणू पुढे फार कामाला आला. सांडपाण्यात करोनाचा माग काढताना, पाण्यात मानवी मैला किती आहे याचं माप म्हणून अनेक ठिकाणी त्याचाच आधार घेतला गेला.

न पाहिलेल्या विषाणूवर विश्वास कसा ठेवायचा?

हा आक्षेप रास्त आहे. संगणकाने तुकडे जोडून दाखवलेला जनुकसंच खरंच एखाद्या विषाणूचा आहे कशावरून?

क्रॅसफाजची गोष्ट इथे सांगायलाच हवी. २०१४ मध्ये संशोधक वेगवेगळ्या लोकांच्या विष्ठेचे जुने, आधीच प्रसिद्ध झालेले जनुकीय क्रम एकत्र जुळवत होते. सगळ्यांत पुन्हा पुन्हा येणारा सुमारे ९७ हजार अक्षरांचा एक वर्तुळाकार जनुकसंच तयार झाला. तो तपासलेल्या निम्म्याहून जास्त नमुन्यांत होता आणि तरीही तोवर कोणाला दिसला नव्हता. क्रम सगळ्यांसमोर पडून होते, पण यादीत त्यांच्याशी जुळणारं काही नसल्याने ते 'अनोळखी' म्हणून बाजूला राहिले होते. ज्या संगणक-प्रणालीने तो सापडला, तिच्याच नावावरून त्याला क्रॅसफाज म्हणू लागले.

चार वर्षांनी, २०१८ मध्ये, आयर्लंडमधल्या कॉर्क इथल्या संशोधकांनी या कुळातला एक फाज बॅक्टेरॉइड्स जातीच्या जिवाणूवर प्रत्यक्ष वाढवून दाखवला. संगणकाचा अंदाज खरा ठरला. दरम्यान विषाणूंचं वर्गीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेही, केवळ जनुकीय क्रमावरून ओळखलेल्या विषाणूंना अधिकृत स्थान देण्याचं २०१७ मध्ये मान्य केलं. मात्र तो क्रम पूर्ण आणि शुद्ध असला पाहिजे. त्यानंतर संख्या झपाट्याने वाढली. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी आतड्यातल्या १,४२,८०९ फाज जनुकसंचांची सूची प्रसिद्ध केली.

सूची झाली, पण त्यातला कोणता फाज कोणत्या जिवाणूवर जगतो? ते कळल्याशिवाय तो शरीरात काय करतो हे कसं कळणार? इथे जिवाणूंचीच मदत होते. फाजच्या हल्ल्यातून वाचलेले अनेक जिवाणू त्याच्या डीएनएचा छोटा तुकडा स्वतःच्या क्रिस्पर नावाच्या भागात साठवून ठेवतात. तो तुकडा ज्या फाजशी जुळतो, त्याने कधीतरी या जिवाणूवर किंवा त्याच्या पूर्वजावर हल्ला केला होता हे नक्की. दुसरी पद्धत म्हणजे पेशी फोडण्याआधीच आतले शेजारी-शेजारी असलेले डीएनए रसायनाने एकमेकांना जोडून टाकायचे. वाचताना जिवाणूचा आणि फाजचा क्रम चिकटलेला मिळाला, तर दोघं एकाच पेशीत होते.

आणि शरीरातून निघून गेलेल्या विषाणूंचं काय? त्यांचा माग रक्तातल्या प्रतिपिंडांवरून लागतो. हार्वर्डमध्ये २०१५ मध्ये विकसित झालेल्या 'व्हिरस्कॅन' पद्धतीत रक्ताच्या एका थेंबावरून, माणसाला बाधणाऱ्या २०६ विषाणूंपैकी आजवर कोणते येऊन गेले हे एकदम तपासता येतं. मात्र इथेही यादीत जे आहेत तेवढेच सापडतात.

पण या सगळ्याचा रुग्णाला उपयोग काय?

टॉर्क टेनोचंच पाहा. १९९७ मध्ये जपानमध्ये, रक्त चढवल्यानंतर कावीळ झालेल्या रुग्णात तो सापडला आणि काविळीचं नवं कारण मिळालं असं वाटलं. नंतर तो बहुतेक निरोगी लोकांतही निघाला. कोणताही आजार त्याच्यामुळे होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरीही तो उपयोगी ठरतो आहे. अवयव प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. औषध कमी पडलं तर अवयव जातो, जास्त झालं तर संसर्ग होतो. प्रतिकारशक्ती दबली की रक्तात टॉर्क टेनो वाढतो आणि सावरली की घटतो. त्याच्या मोजणीवरून औषधाची मात्रा ठरवता येईल का, हे पाहण्यासाठी युरोपात मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांवर चाचणी हाती घेण्यात आली.

विषाणू सापडला म्हणजे आजाराचं कारण सापडलं, असं नसतं. कारण ठरवायला विषाणू आधी आणि आजार नंतर हा क्रम दाखवावा लागतो. एपस्टीन-बार आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू-मज्जारज्जूचा आजार यांच्या बाबतीत तो २०२२ मध्ये दाखवता आला. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी आणि वर्षानुवर्षं जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर, एपस्टीन-बारच्या संसर्गानंतर हा आजार होण्याची शक्यता ३२ पट वाढते असं दिसलं. तरीही हा विषाणू असलेल्या बहुतेकांना तो आजार कधीच होत नाही. आजार होण्याआधीचं रक्त कुणीतरी सांभाळून ठेवलं होतं, म्हणून हे कळलं.

फाजांच्या बाबतीत अजून सबुरी हवी. जर्मनीतल्या कील इथे २०१७ मध्ये, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूमुळे पुन्हा पुन्हा जुलाब होणाऱ्या पाच रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेचं जिवाणू काढून टाकलेलं गाळण दिलं आणि ते बरे झाले. त्या गाळणात फाज होते, तशीच जिवाणूंची प्रथिनं आणि इतर रसायनंही होती. श्रेय फाजांना द्यायचं की त्या प्रथिनं-रसायनांना, हे पाच रुग्णांवरून ठरत नाही.

आतड्यातल्या सूक्ष्मजीवांच्या खासगी तपासण्या बाजारात आहेतच, उद्या व्हायरोमच्याही येतील. आज तरी निरोगी व्हायरोम कसा असतो याचं सर्वमान्य माप नाही. माप नसताना आलेल्या अहवालावरून आहार बदलणं किंवा औषध घेणं योग्य नाही.

आपल्या पोटातलं कोण शोधणार?

व्हायरोमच्या सूचींमध्ये अमेरिका, युरोप आणि चीनमधल्या नमुन्यांचा भरणा आहे. भारतात, विशेषतः धान्य-डाळी-भाज्या जास्त खाणाऱ्या लोकांच्या आतड्यात, प्रिव्होटेला जातीचे जिवाणू मोठ्या प्रमाणात असतात. जिवाणू वेगळे म्हणजे फाजही वेगळे असणार.

याचा पुरावा शेजारच्या बांगलादेशातून आला. तिथल्या लक्षाम भागातल्या लोकांच्या आतड्यात प्रिव्होटेलावर जगणारे प्रचंड फाज सापडल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. त्यांचा जनुकसंच ५ लाख ४० हजार अक्षरांहून मोठा, म्हणजे क्रॅसफाजच्या पाचपटीहून जास्त. त्या भागावरूनच त्यांना लाक फाज नाव मिळालं. ते कोणावर जगतात हे क्रिस्परमधल्या तुकड्यांवरून कळलं. आणखी एक अडचण होती. जनुकांच्या लिपीत जे चिन्ह सहसा 'इथे थांब' असं सांगतं, त्याचा अर्थ हे फाज चक्क वेगळा लावतात. नेहमीची संगणक-प्रणाली त्यांची जनुकं वाचताना मधेच थांबते आणि अर्धवट तुकडे दाखवते. म्हणजे नमुना पाश्चात्त्य देशांतून घेतला असता तर ते क्वचितच दिसले असते, बारीक गाळणीतून गाळला असता तर हरवले असते आणि ठरावीक प्रणालीने वाचला असता तर ओळखू आले नसते. टांझानियातल्या हाड्झा लोकांत, बबून माकडांत आणि डुकरांतही त्यांचे भाऊबंद सापडले. महाराष्ट्रातल्या ज्वारी-बाजरी खाणाऱ्या पोटांत ते आहेत का, हे पाहण्यासाठी इथले नमुने, न गाळता, वाचावे लागतील.